माक्सिमिलियान वोलोशिन, कवी आणि जलरंगचित्रकार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वोलोशिन कोण होता?

रशियन कवी, कलासमीक्षक, फ्रेंच साहित्याचा अनुवादक आणि जलरंगात निसर्गचित्रे करणारा चित्रकार. जन्म २८ मे १८७७ रोजी कीव्हमध्ये, मृत्यू ११ ऑगस्ट १९३२ रोजी क्रिमियातल्या कोक्तेबेल गावी. तो चार वर्षांचा असतानाच वडील गेले. आई एलेना ओत्तोबाल्दोव्ना जर्मन वंशाची, मोठी करारी बाई. तिने १८९३ मध्ये कोक्तेबेलला जमीन घेतली आणि मुलाच्या पुढच्या आयुष्याची दिशा त्या एका खरेदीने ठरली.

शाळा जवळच्या फिओदोसिया शहरात झाली. मॉस्को विद्यापीठात कायदा शिकायला गेला, पण विद्यार्थ्यांच्या चळवळीत सामील झाल्याबद्दल १८९९ मध्ये त्याला वर्षभरासाठी काढून टाकले. १९०० मध्ये मध्य आशियात रेल्वेमार्गाच्या पाहणीच्या कामावर गेला आणि उंटांच्या तांड्यांबरोबर वाळवंटात हिंडला. या वर्षाला तो पुढे आपला खरा जन्म म्हणायचा. १९०१ मध्ये त्याने पॅरिस गाठले.

कवी होता, मग चित्रे हा छंद होता का?

नाही. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर.

वोलोशिनवरच्या बहुतेक लेखनात आधी कविता येतात, मग भानगडी, मग क्रांतीनंतरचे यादवी युद्ध, आणि शेवटी ‘तो चित्रेही काढत असे’ असे एक वाक्य. या ‘ही’ने घोळ केला आहे. १९३० मध्ये स्वतःच्या चित्रांबद्दल लिहिलेल्या छोट्या टिपणात त्याने साफ सांगितले आहे की जलरंगचित्रे ही त्याची रोजनिशी होती. एकट्याने केलेल्या भटकंतीतले विषय त्यांत पुन्हा पुन्हा येतात, आणि पूर्वी त्याच्या कवितेचा जो भाग निसर्गासाठी राखलेला असायचा, त्याची जागा या चित्रांनी घेतली.

कवितांच्या तारखा लावून पाहिल्या की हे पटते. १९०७ च्या सुमारास त्याने लिहिलेल्या ‘किमेरियन संधिप्रकाश’ या मालिकेत सगळे डोंगर, वाळलेले गवत आणि समुद्र आहे. पहिल्या महायुद्धानंतर मात्र कवितेत रशियाचा इतिहास, क्रांती, दुष्काळ, गोळ्या घालून मारलेली माणसे येतात. डोंगर गेले कुठे? ते कागदावर गेले. १९२१ मध्ये, क्रिमियात बोल्शेविकांची लाल दहशत आणि उपासमार चालू असताना, त्याने रशियन भाषेतल्या अत्यंत कठोर कविता लिहिल्या. त्याच काळातली चित्रे मात्र शांत, माणसाविना. दोन कामांची त्याने वाटणीच करून टाकली होती. म्हणून फक्त कविता वाचणाऱ्याला निम्माच वोलोशिन भेटतो. फक्त चित्रे पाहणाऱ्याचे तर जास्तच नुकसान, कारण त्याला वाटते की हा कोणी सुखवस्तू माणूस निवांत समुद्रकिनारी बसून रंगवत होता.

तो चित्रकला कुठे शिकला?

पॅरिसमध्ये, तीही काहीशी आडवाटेने. त्याला व्हायचे होते कलासमीक्षक. दुसऱ्याच्या चित्रावर लिहायचे तर ब्रशची शिस्त आपल्या अंगातून गेली पाहिजे, या हट्टापायी तो चित्रकार एलिझावेता क्रुग्लिकोवा हिच्या स्टुडिओत रेखाटन करू लागला. सुरुवात पेन्सिलीच्या झटपट रेखाटनांनी झाली, मग टेम्परा (अंड्याच्या बलकात कालवलेले रंग) आला आणि शेवटी जलरंग. जपानी चित्रकारांचा, विशेषतः होकुसाई आणि उतामारो यांचा, त्याच्यावर खोल ठसा होता, आणि तो त्याने कधी लपवला नाही.

कोक्तेबेलमध्ये असे काय आहे?

क्रिमियाच्या आग्नेय किनाऱ्यावरचा हा एक उपसागर. एका बाजूला कारादाग, म्हणजे ज्युरासिक काळातल्या ज्वालामुखीचे अवशेष. उभे तुटलेले कडे थेट समुद्रात उतरतात. दुसऱ्या बाजूला मातीच्या उघड्याबोडक्या, पावसाने चिरलेल्या टेकड्या. तिथल्या एका भूशिराचे नाव खामेलेऑन, म्हणजे सरडा, कारण उजेड बदलला की त्याचा रंग बदलतो: सकाळी राखी, दुपारी जवळजवळ पांढरा, संध्याकाळी जांभळट. झाडे कमी. रानात दवण्याच्या जातीतली कडू वासाची झुडपे.

क्रिमिया म्हटले की सुरूची झाडे आणि राजवाडे असलेला दक्षिण किनारा डोळ्यांपुढे येतो. हा तो भाग नव्हे. पूर्वेकडचा हा कोरडा पट्टा सुंदर मानण्याची तेव्हा पद्धतच नव्हती. वोलोशिनने त्याला होमरच्या काव्यातल्या दूरच्या, अंधाऱ्या प्रदेशाचे नाव दिले, किमेरिया, आणि ते रूढ झाले.

हिरवळ नसल्यामुळे जमिनीची हाडे दिसतात. थर कुठे वाकले, पाण्याने कुठे खोदले, कडा कुठे ढासळला, सगळे उघड. आपल्या चित्रांना भूगर्भशास्त्रज्ञांनी दाद दिली याचा वोलोशिनला विशेष अभिमान होता. समीक्षकांपेक्षा खडक ओळखणारा माणूस खूश झाला, हे त्याला मोठे वाटायचे.

तो जागेवर बसून चित्रे काढायचा का?

नाही. स्वतःच्या प्रदर्शनाबद्दल लिहिताना त्याने स्पष्ट केले आहे की यातले एकही चित्र प्रत्यक्ष निसर्गासमोर बसून केलेले नाही. किमेरियाच्या विषयांवर केलेल्या या रंगांच्या रचना आहेत, आणि त्यांना त्याने संगीताची उपमा दिली.

याला कारण युद्ध. १९१४ नंतर किनाऱ्यावर कोणी वही घेऊन डोंगर रेखाटताना दिसला की हेर नकाशे काढतोय असा संशय यायचा. बहुतेक चित्रकार यावर वैतागले असते. वोलोशिनने मात्र ही बंदी आपल्या चित्रकलेवर उपकार ठरली असे लिहून ठेवले आहे, कारण समोरच्या दृश्याला बांधून राहण्याची सवय सुटली. दिवसा पायी हिंडायचे, नुसते बघायचे, आणि घरी येऊन आठवणीतून रंगवायचे.

शिवाय त्याचे म्हणणे असे की जलरंग उघड्यावर काम करण्याचे माध्यमच नाही. त्याला ईझल नको, टेबल हवे. ऊन नको, सावली हवी. जलरंगवाल्यांना यावर भांडायला भरपूर वाव आहे, कारण जागेवर बसून केलेल्या उत्तम जलरंगचित्रांना जगात तोटा नाही. पण त्याच्या जातीच्या कामासाठी हे खरे आहे. सपाट वॉश, म्हणजे पातळ रंगाचा एकसारखा थर, टाकायचा, तो पूर्ण वाळेपर्यंत थांबायचे, मग त्यावर दुसरा: कोक्तेबेलच्या वाऱ्यात हे जमणारच नाही.

चित्रे जवळून कशी दिसतात?

आकाराने लहान. बहुतेकांची मांडणी एकसारखी: खाली जवळची जमीन, मध्ये टेकड्यांच्या एकामागे एक रांगा, कुठेतरी पाण्याची उजळ पट्टी, वर भलेमोठे आकाश. टेकडीची प्रत्येक रांग म्हणजे एक पातळ सपाट वॉश. त्याची वरची कड धारदार असते, कारण मागचा थर वाळल्यावरच पुढचा दिला आहे. जिथे दोन थर एकमेकांवर येतात तिथे रंग गडद होतो, आणि तेवढ्यानेच डोंगर पुढे सरकल्यासारखा वाटतो. समुद्र पुष्कळदा रंगवलेलाच नसतो. पांढरा कागद राखून ठेवलेला असतो, त्यावर हलका हात. गेरू, मातकट पिवळा, राखी निळा, फिकट जांभळा, हिरवा अगदी मोजका. ढग वळ्यावळ्यांचे, जपानी छापचित्रांची आठवण करून देणारे. झाड असलेच तर एखादे, काटकुळे. माणूस जवळजवळ नाहीच.

एकसुरीपणाचा आरोप होतो आणि तो सगळाच खोटा नाही. लागोपाठ तीसचाळीस चित्रे पाहिली की तोच उपसागर, तीच टेकडी, तोच चंद्र. माझे मत असे की ही चित्रे भिंतीवर रांगेत लावून पाहण्याची नाहीतच. रोजनिशीचे पान एका वेळी एकच वाचावे.

चित्रांच्या खाली लिहिलेल्या ओळी काय आहेत?

त्याच्याच कवितेच्या. चित्र झाले की तळाशी एक-दोन ओळी लिहायचा, आणि पाहुणा निघाला की त्याच्या हातात ते चित्र द्यायचा. ओळ चित्राचे वर्णन करत नाही. बहुतेक वेळा ती चित्रात नसलेले काहीतरी सांगते, वास किंवा आवाज. अशी किती चित्रे कोणाकोणाच्या घरी गेली याला गणती नाही.

ग्लायडरचा आणि त्याचा काय संबंध?

वरवर पाहता गमतीचा, पण चित्रांच्या दृष्टीने महत्त्वाचा. कोक्तेबेलजवळ उझुन-सिर्त नावाची लांबलचक डोंगरधार आहे. तिथे वारा उतारावर आदळून वर चढतो. १९२३ मध्ये ग्लायडरचा, म्हणजे इंजिनाशिवाय उडणाऱ्या विमानांचा, सोव्हिएत संघातला पहिला अखिल-संघ मेळावा तिथे भरला. त्यामागच्या मंडळींत वैमानिक कॉन्स्तान्तिन आर्त्सेउलोव होता, समुद्रचित्रकार आयवाझोव्स्कीचा नातू आणि वोलोशिनच्या परिचयातला. पुढे रॉकेटमुळे जगाला माहीत झालेला सेर्गेई कोरोल्योव तरुणपणी आपली ग्लायडर घेऊन इथेच यायचा. १९४५ नंतर कित्येक वर्षे गावाचे अधिकृत नावच प्लानेर्स्कोये होते, ग्लायडरवरून पडलेले.

वोलोशिन म्हणायचा की निसर्गचित्रात जमीन अशी हवी जिच्यावर चालता येईल आणि आकाश असे हवे ज्यात उडता येईल. ग्लायडरला उचलून धरणारे हवेचे झोत तिथे जाणवले पाहिजेत. गावाच्या डोक्यावर खरोखरच माणसे उडत होती, त्यामुळे हे त्याला नुसते बोलण्यापुरते सुचलेले नाही.

आयवाझोव्स्कीचा त्याच्यावर प्रभाव होता का?

फारसा नाही. आयवाझोव्स्की फिओदोसियाचाच, त्यामुळे प्रश्न येतो. पण त्याच्याकडे लाटा आणि वादळे, याच्याकडे जमीन. खरे नाते कॉन्स्तान्तिन बोगायेव्स्कीशी. हाही फिओदोसियाचा चित्रकार, वोलोशिनचा मित्र. दोघांनी एकच प्रदेश रंगवला, बोगायेव्स्कीने जास्त भव्य आणि काल्पनिक, वोलोशिनने हलक्या हाताने.

बनावट कवयित्री आणि द्वंद्वयुद्ध हे खरे आहे का?

खरे आहे. १९०९ मध्ये पीटर्सबर्गच्या ‘अपोलोन’ मासिकाकडे चेरुबिना द गाब्रियाक या गूढ परदेशी कवयित्रीच्या कविता येऊ लागल्या. संपादक सेर्गेई माकोव्स्की तिला न पाहताच, नुसत्या टेलिफोनवरच्या आवाजाने, प्रेमात पडला. प्रत्यक्षात ती होती एलिझावेता द्मित्रियेवा, एक साधी शिक्षिका, आणि नाटक रचण्यात वोलोशिनचा हात होता. टोपणनावही कोक्तेबेलचेच: किनाऱ्यावर वाहून आलेल्या एका वाकड्या मुळाला त्यांनी गाब्रियाख नावाचे भूत ठरवले होते, त्यावरून हे आडनाव बेतले.

बिंग फुटले. कवी निकोलाय गुमिल्योव द्मित्रियेवाबद्दल वाईटसाईट बोलला असे कानावर आल्यावर वोलोशिनने मारिइन्स्की नाट्यगृहातल्या एका स्टुडिओत त्याच्या थोबाडीत मारली. मग चोर्नाया रेच्का ओढ्याजवळ पिस्तुलांचे द्वंद्व झाले, कवी पुश्किनला जिथे गोळी लागली त्याच भागात. गुमिल्योवचा नेम चुकला, वोलोशिनचे पिस्तूल उडालेच नाही. तिथे बर्फात कोणाचा तरी रबरी जोडा सापडल्याची बातमी छापून आली आणि वर्तमानपत्रांनी महिनोन्‌महिने चेष्टा केली. कविता बाजूला राहिल्या आणि जोडाच गाजला.

मारिना त्स्वेतायेवाशी त्याचे नाते काय होते?

थोरल्या मित्राचे. १९१० मध्ये या रशियन कवयित्रीचा पहिला संग्रह आला तेव्हा ती अठरा वर्षांची होती. वोलोशिनने त्याची मनापासून दखल घेतली आणि स्वतः तिच्या घरी गेला. १९११ मध्ये ती कोक्तेबेलला आली आणि तिथल्याच किनाऱ्यावर तिला सेर्गेई एफ्रोन भेटला, तिचा पुढे झालेला नवरा. वोलोशिन गेल्यावर तिने त्याच्यावर दीर्घ आठवणी लिहिल्या. माणूस म्हणून तो कसा होता हे जाणून घ्यायचे तर त्यासारखे दुसरे काही नाही, मात्र त्यात प्रेमापोटी रंग जरा जास्त भरले आहेत.

यादवी युद्धात तो कोणाच्या बाजूने होता?

कोणाच्याच नाही, आणि दोघांच्याही.

हे ऐकायला सोयीचे वाटते, पण त्या काळी ती सर्वात गैरसोयीची जागा होती. फिओदोसिया १९१७ ते १९२० मध्ये अनेकदा हातोहात फिरले. लाल (बोल्शेविक) आले की गोरे (त्यांचे विरोधक) लपायचे, गोरे आले की लाल. आणि लपायला दोघेही वोलोशिनच्या घरी. १९१९ मधली ‘यादवी युद्ध’ ही कविता संपते तेव्हा कवी ज्वाळांत एकटा उभा राहून दोन्ही बाजूंसाठी प्रार्थना करतो. ही कविता त्याने आधी जगली होती. गोऱ्यांच्या लष्करी न्यायालयापुढे उभ्या केलेल्या प्राचीन हस्तलिखितांच्या अभ्यासक निकांद्र मार्क्सला सोडवायला तो धावला. १९२० मध्ये गोऱ्यांनी कवी ओसिप मांदेलश्तामला पकडले. त्याच्याशी वोलोशिनचे तेव्हा बिनसले होते, तरी त्याने सुटकेसाठी पत्र दिले.

त्याआधी महायुद्धात लढायला नकार देणारे पत्रही त्याने थेट युद्धमंत्र्यांना लिहिले होते. तेव्हा हा तटस्थपणा ऐन वेळी सुचलेली पळवाट नव्हती.

मग त्याच्यावर टीका करण्यासारखे काहीच नाही?

आहे की. जानेवारी १९१३ मध्ये मॉस्कोच्या त्रेत्याकोव दालनात एका माणसाने चित्रकार रेपिनचे, झार इव्हान द टेरिबल आणि त्याने रागाच्या भरात मारलेल्या मुलाचे चित्र सुरीने फाडले. वोलोशिनने जाहीर व्याख्यान देऊन सांगितले की दोष चित्रातल्या बटबटीत रक्तपाताचा आहे, बघणाऱ्यावर तोच हिंसा करतो. स्वतः रेपिन सभागृहात बसलेला! कलेतल्या भीषणतेबद्दल त्याचे म्हणणे विचार करण्यासारखे आहे, पण चित्र नुकतेच फाटलेले असताना चित्रकारालाच आरोपी करणे मला निर्दयपणाचे वाटते. वर्तमानपत्रे उलटली, आणि तो कोक्तेबेलला निघून गेला.

त्याच्या घराबद्दल एवढे का बोलले जाते?

कारण ते घर हेही त्याचेच एक काम. १९०३ मध्ये स्वतःच्या कल्पनेने बांधायला घेतले. पुढे त्याला दगडी स्टुडिओ जोडला, समुद्राकडे अर्धगोल भिंत आणि तीत उंच अरुंद खिडक्या. आत एका इजिप्शियन राणीच्या मुखाची प्लास्टरची प्रतिकृती, छतावर तारे पाहायला गच्ची. यादवी संपल्यावर त्याने ते लेखक-कलावंतांना फुकट राहायला खुले केले. त्याच्याच नोंदीप्रमाणे १९२३ मध्ये ६०, १९२४ मध्ये ३००, १९२५ मध्ये ४०० पाहुणे येऊन गेले. यजमान लांब सुती झगा घालून, डोक्याला पट्टी बांधून हिंडायचा. पाहुण्यांनी भाडे द्यायचे नाही, आणि जाताना चित्र मात्र न्यायचे.

मग तो इतकी वर्षे विस्मरणात का गेला?

त्याला छापणेच बंद झाले. १९२७ मध्ये मॉस्कोत जलरंगांचे प्रदर्शन झाले, म्हणजे चित्रांना परवानगी होती. क्रांतीवरच्या कविता मात्र हातांनी उतरवलेल्या प्रतींतून फिरत राहिल्या. सोव्हिएत संघात कवितांचे पुस्तक निघायला १९७७ उजाडावे लागले, म्हणजे जन्मशताब्दी.

मधल्या काळात सगळे टिकले ते दुसरी पत्नी मारिया स्तेपानोव्नामुळे. (पहिली पत्नी चित्रकार मार्गारिता साबाश्निकोवा, १९०६ मध्ये लग्न झाले आणि वर्षभरात ती दुरावली.) मारियाने दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन ताब्याच्या वर्षांतही घर सोडले नाही आणि १९७६ मध्ये मृत्यू येईपर्यंत पुस्तके, चित्रे, कागद राखले. तिच्यावर वेगळे लिहायला हवे, इतके ते काम मोठे आहे.

चित्रे आज कुठे आहेत?

कोक्तेबेलच्या घरात १९८४ पासून संग्रहालय आहे. फिओदोसियाच्या आयवाझोव्स्की कलादालनातही त्याची चित्रे आहेत. क्रिमिया आंतरराष्ट्रीय मान्यतेनुसार युक्रेनचा भाग असून २०१४ पासून रशियाच्या ताब्यात आहे, त्यामुळे तूर्त बहुतेकांना छापील आणि डिजिटल प्रतींवरच भागवावे लागते. त्याची कबर गावाजवळ कुचुक-येनिशार टेकडीवर आहे. तिथे फुलांऐवजी किनाऱ्यावरचे गोटे ठेवतात.

रशियन येत नसेल तर सुरुवात कुठून करावी?

आधी चित्रे. मग ‘कोक्तेबेल’ (१९१८), त्यात कारादागच्या कड्यावर स्वतःचा चेहरा कोरलेला दिसल्याचा उल्लेख आहे. तो कडा आजही पर्यटकांना दाखवतात. मग ‘यादवी युद्ध’, आणि शेवटी ‘कवीचे घर’ (१९२६). १९२१ च्या कविता एका बैठकीत वाचू नका, झेपत नाहीत.

त्याची पद्धत स्वतः करून पाहता येईल का?

येईल, आणि जलरंग शिकणाऱ्याने जरूर पाहावी. ओळखीच्या वाटेवर तासभर चाला. वही नको, फोटो तर नकोच. टेकडीची कड, सावली कोणत्या बाजूला आणि सगळ्यात उजळ जागा कोणती, एवढेच लक्षात ठेवा. घरी येऊन लहान कागदावर तीनच रंग घ्या. उजळ जागा कोरी सोडा. सर्वांत लांबची रांग सर्वांत फिकट. ती पूर्ण वाळल्याशिवाय पुढच्या रांगेला हात लावू नका, नाहीतर कड फुटते आणि दोन्ही डोंगर एकमेकांत मिसळतात. थर तीन-चारच ठेवा, त्यापुढे रंग मळतो. पहिले काही कागद वाया जातील; त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर वॉशचा सराव करता येतो.